आपण मासे खात नाही, मग समुद्राशी आपलं काय?



आमच्या शुक्रवार पेठेत स्वाध्याय संपल्यावर पाच-दहा मिनिटं गप्पा होतातच. परवा मी सांगितलं, की माझी नात दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर मालवणला जाणार आहे आणि स्कूबा करणार आहे, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणार आणि प्रवाळ, मासे बघणार. त्यावर एक काकू म्हणाल्या, ‘बघून येऊ दे की. आपण मासे खात नाही, कोळंबी घरात येत नाही. समुद्रातल्या जिवांचं पाप आपल्याला कशाला लागतंय?’

काकूंचा प्रश्न साधा होता, पण मला तो सोडवेना. नेमिनाथ भगवानांची कथा आपल्याला पाठ आहे. वरातीच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ मागे वळवला. ते पशू त्यांनी स्वतः कोंडले नव्हते, ते खाणारही नव्हते. पण त्यांच्या लग्नाच्या नावाने ते आणले होते. एवढं पुरेसं होतं. कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण प्रतिक्रमणात म्हणतो, त्यातला ‘कारित’ हा माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईला लगेच कळतो. मागणी असते म्हणून माल येतो. तेव्हा ताटात काय आहे एवढंच बघून भागत नाही, खरेदीची वही पण उघडायला पाहिजे.

आमच्या घरची वही पोवळ्यापाशी उघडली. नातीला मंगळ आहे, म्हणून एका ज्योतिषांनी तिला पोवळ्याची अंगठी सांगितली आहे. जाऊबाईंचा आग्रह आहे, की स्थळं बघायला लागण्याआधी ती घालावी. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. इटलीत नेपल्सजवळचं तोरे देल ग्रेको हे गाव या धंद्याची जुनी पेठ आहे. या प्रवाळाची फांदी वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही. अंगठीत बसेल एवढा खडा तयार व्हायला कित्येक दशकं लागतात आणि तोडायला एक क्षण.

जाऊबाई म्हणाल्या, ‘पोवळं तर रत्न आहे, त्यात कसला जीव?’ त्यांचंही बरोबर आहे, आपल्या शास्त्रात प्रवाळाची गणती रत्नांबरोबर पृथ्वीकायात येते. विज्ञान म्हणतं, की प्रवाळ म्हणजे अगदी इवले इवले प्राणी, आणि आपल्या हातात येतो तो त्यांनी बांधलेला सांगाडा. मी काही पंडिता नाही. पण पृथ्वीकाय म्हणा नाहीतर प्राणी म्हणा, तो समुद्रात वाढत असतो तेव्हा जीव असतो, यावर दोन्हीकडे दुमत नाही. मी जाऊबाईंना एवढंच म्हटलं, ‘वहिनी, मुलीच्या संसारासाठी शांती हवी ना, मग दुसऱ्याचं घर मोडून नको.’ त्या अजून रुसलेल्या आहेत. अंगठी मात्र अजून आलेली नाही.

मोत्यांचंही तसंच. शिंपल्यात मणी घालून मोती तयार करण्याची रीत जपानच्या मिकिमोतोंनी धंद्यात आणली. मोती काढायला शिंपला उघडावा लागतो आणि बहुतेक वेळा त्यातला द्वींद्रिय जीव मरतो. सासूबाईंची तन्मणी माझ्याकडे आहे, ती मी टाकून देणार नाही. नवी खरेदी मात्र आमच्या घरात बंद आहे.

आता आपल्या वयाच्या दुखण्याकडे येते. माझे गुडघे धरायला लागले तेव्हा ग्लुकोसामाइनचं नाव पुढे आलं. मी डबी घेण्याआधी औषधवाल्याला विचारलं, ‘हे कशापासून करतात?’ बहुतेक ग्लुकोसामाइन खेकडे आणि कोळंबीच्या कवचापासून होतं. मक्यापासून केलेलंही मिळतं, पण मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. ओमेगा-३ च्या गोळ्या माशांच्या तेलाच्या असतात, शेवाळाच्या तेलाच्याही मिळतात. काही कॅल्शियमच्या गोळ्यांत शिंपल्यांची पूड असते. तोंडाला लावायच्या क्रीममधलं स्क्वालेन शार्कच्या यकृतातून काढतात, तसंच ऑलिव्हमधूनही काढता येतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मनानं बंद करू नका, पण विचारा जरूर. दहा बायकांनी विचारलं की दुकानदार माल बदलतो, हे मला वाणिज्य शाखेत शिकवलं आणि संसारात पटलं.

शंखाबद्दलही बोलायला हवं. किनाऱ्यावरच्या दुकानांत शंख-शिंपल्यांच्या माळा, वाळवलेले समुद्रघोडे, जाळीदार समुद्रपंखे विकायला असतात. समुद्रघोडे, समुद्रपंखे, खडक बांधणारे प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते विकणं गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी आपला धर्म आहे. शंख हे नेमिनाथांचं लांछन, कासव हे मुनिसुव्रतनाथांचं. देवाचं लांछन शोकेसमध्ये मांडायला जीव समुद्रातून उपटून आणायचा? वाळूत पडलेला रिकामा शंखसुद्धा राहू द्यावा. एखादा शंखातला खेकडा त्यात राहायला येतो.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि ते बघायला दरवर्षी पुष्कळ लोक उतरतात. यातले बरेचसे पहिल्यांदाच उतरणारे, पोहताही न येणारे. पाय ठेवायला जागा हवी म्हणून प्रवाळावर उभं राहिलं की तो मोडतो. म्हणून नातीला मी या गोष्टी लिहून दिल्या आहेत:

बोटवाल्याला आधी विचार, नांगर प्रवाळावर टाकतोस का? तरंगत्या बोयाला बोट बांधणारा, नाहीतर वाळूत नांगर टाकणारा निवड, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

गाइडला सांग, मला प्रवाळावर उभं करू नका आणि फोटोसाठी कुठलाही जीव हातात देऊ नका.

पायातले पंख हळू हलव. उडालेली वाळू प्रवाळावर बसली की त्याचा श्वास कोंडतो.

सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोशाख घाल. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन विकायला हवाई बेटांवर २०२१ पासून बंदी आहे, कारण ते प्रवाळाला घातक ठरतं.

आणि माशांना पाव घालू नकोस.

हे शेवटचं वाचून ती हसली. ‘आजी, सिद्धेश्वर तलावावर तूच मला माशांना लाह्या टाकायला शिकवलंस ना!’ खरं आहे, आपल्याला खाऊ घालणं म्हणजेच जीवदया वाटते. पण प्रवाळाजवळचे कितीतरी मासे त्यावर वाढणारं शेवाळ खातात आणि त्याला मोकळं ठेवतात. त्यांना पावाची सवय लागली की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतो. तिथली दया म्हणजे हात आवरून बघणं.

वेळासचं उदाहरण मला फार आवडतं. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. इथल्या किनाऱ्यावर कासवीण रात्री येऊन अंडी घालते. ती अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं बघायला येतात, गावातल्या घरी राहतात, घरचं जेवतात. अंडी विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्लं जगवण्यात गावाचा फायदा झाला. तिथे गेलात तर दोरीच्या मागे राहा, बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा.

जाळ्यात अडकलेला जीव सोडायचा तर कोळ्याला जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्याचं भांडवल. महाराष्ट्र सरकार डिसेंबर २०१८ पासून अशा कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. मला हे फार योग्य वाटतं. दयेचा खर्च एकट्या गरिबावर टाकायचा आणि पुण्य सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हा हिशेब बरोबर नाही. आपल्या मंडळांकडून पांजरपोळाला देणगी जाते, तशी कधी या कामालाही जावी.

राहता राहिलं सोलापूर. समुद्र आपल्यापासून लांब वाटतो, पण आपलं पाणी सीना-भीमेत जातं, हत्तरसंग कुडलला त्या दोघी भेटतात, भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. त्या किनाऱ्यावरही कासवं अंडी घालतात. वाहून गेलेली पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळतं. प्रभावना म्हणून आपण प्लॅस्टिकमध्ये बांधलेली पाकिटं वाटतो, त्याऐवजी कागदाची पुडी किंवा नारळ का नको?

आपल्या आज्या आडाचं पाणी गाळायच्या, आणि गाळण्यात राहिलेले जीव त्याच आडात परत सोडायच्या. जीवाणी म्हणायच्या त्याला. ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात. त्यासाठी रोज घागरभर कष्ट जास्त पडायचे आणि कोणी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. समुद्राचं व्रतही याहून वेगळं नाही, फक्त आड मोठा आहे. चातुर्मासाचे दिवस आहेत. पोवळं, मोती, शंख, माशाच्या तेलाची गोळी, प्लॅस्टिकची पिशवी, यातल्या एकाचा तरी नियम घेऊन बघा. मी क्रीमचा घेतला आहे.

जय जिनेंद्र.