दारात आलेली कोंबडी



या वेळी लोणच्याचं लिहिणार होते, ते पुढच्या खेपेला. तीन आठवडे घरात एकच विषय चालू आहे.

मंदिरातून अभिषेक करून येत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर कोंबड्यांनी भरलेली पिकअप आदळली आणि एक कोंबडी खाली पडली. गाडी निघून गेली. पांढरी, लठ्ठ, छातीवरची पिसं झडलेली. एक पाय उलटा वळलेला. ती ओरडतही नव्हती, नुसती चोच उघडी टाकून बसली होती. मी शुद्ध वस्त्रात होते. एक क्षण थांबले, खोटं कशाला सांगू. मग पदरात घेतली.

सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नको, पण परसात ठेव. बाहेर कुत्री आहेत." आमच्या घरात डालगं कुठलं असणार? शेजारच्या मावशींनी त्यांचं आणून दिलं.

तासाभरात दुकानदार आला. माल त्याचाच. आता आली का पंचाईत! ठेवून घेतली तर अदत्तादान, दुसऱ्याची वस्तू न दिलेली घेतली. परत दिली तर दुपारपर्यंत ती सुरीखाली. विकत घेतली तर त्याच्या धंद्यात माझे पैसे. यांनी २०० रुपये काढून दिले. त्या पैशात त्यानं दुसरी आणली असणार, हे मला कळत नाही असं नाही. पण डोळ्यासमोर हीच होती.

जनावरांचे डॉक्टर चांगले. आइस्क्रीमच्या काड्या लावून पाय बांधला. मग म्हणाले, "वहिनी, ही जात जगण्यासाठी केलेलीच नाही. सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर भरते. पायांना वजन पेलत नाही, शरीराला हृदय पुरत नाही. हाड जुळलं तरी पुढे त्रासच आहे. इंजेक्शन देऊ का? तिला कळणारही नाही."

त्यांच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता, हीच अडचण. रात्री ती कण्हल्यासारखा आवाज करायची तेव्हा मला वाटायचं, त्यांचं ऐकायला हवं होतं. संकल्पी हिंसा गृहस्थानंही टाळायची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण समोरचा जीव तळमळत असताना ते ऐकलेलं पुरत नाही. स्वाध्यायात आम्ही आचार्य अमृतचंद्रांचा पुरुषार्थसिद्ध्युपाय वाचला होता. दुःखी जीवाला मारलं तर तो दुःखातून लवकर सुटेल, ही समजूत आचार्यांनी तिथे साफ नाकारली आहे. हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी हाच प्रश्न विचारला असणार. माझी मुलगी म्हणाली, "मग सल्लेखना?" सल्लेखना समजून-उमजून स्वतः घ्यायची असते गं, दुसऱ्यानं द्यायची नसते. हिची तर दाण्यावरची नजर हटत नाही.

सासूबाईंना यशोधर राजा आठवला. त्यानं आईच्या आग्रहाखातर पिठाचाच कोंबडा बळी दिला, तरी दोघांना किती जन्म भोगावे लागले! "आणि ही तर खरी आहे," एवढंच त्या बोलल्या. डॉक्टरांना मी सांगितलं, दुखणं थांबवायचं औषध द्या, ते इंजेक्शन नको.

निर्णय झाला, पण सुटका नाही. तयार खाद्यात सुक्या मासळीची भुकटी असू शकते म्हणून मी घरीच मका भरडते, त्यात सोयाबीनची पेंड मिसळते. मोकळी सोडली की सरपटत जाऊन मुंग्या टिपते, म्हणून गोणपाटावर बसवते. तिचा स्वभाव तो, दोष कुणाला द्यायचा? शेडमध्ये रात्रभर दिवे लावून यांना खायला घालतात. आमच्याकडे आल्यापासून बाईंचा रात्रीभोजनाचा त्याग झाला आहे.

सगळ्यात कठीण गोष्ट वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलं, पोटभर घालू नका. वजन वाढलं की पाय जाईल, नाहीतर छाती भरून मरेल. आपल्याकडे दारात आलेल्याला पोटभर वाढायचं, हेच शिकवलेलं. आणि ही भूक तिला माणसांनीच लावून ठेवलेली, पिढ्यान्‌पिढ्या निवडून. मी वाटी मोजून ठेवते, ती दोन मिनिटांत संपवते आणि माझ्याकडे बघत बसते. मी तोंड फिरवून आत येते. एकदा सासूबाईंना चोरून मूठभर ज्वारी टाकताना पकडलं. "अगं, बघवत नाही," म्हणाल्या. त्यांच्यावर काय रागावणार?

पांजरपोळात विचारलं, तिथे गाई-म्हशीच आहेत. कोंबडी ठेवायला जागा नाही म्हणाले.

काड्या गेल्या शनिवारी काढल्या. पाय थोडा वाकडा जुळलाय. चार पावलं टाकते आणि बसते. सासूबाई संध्याकाळी डालग्यापाशी पाट टाकून णमोकार म्हणतात. जीवंधरानं मरत्या कुत्र्याला ऐकवला होता, ही तर जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्यापैकी कुणी अशी कोंबडी सांभाळली असेल, तर दिवसाला किती दाणे घालता तेवढं कळवा. मी सध्या सकाळी एक आणि सूर्यास्ताआधी एक, अशा दोन लहान वाट्या घालते.