तंजावर ते मनोरा

तंजावर शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या नैर्ऋत्य कडेला वसले आहे. उत्तरेला आणि पूर्वेला कालव्यांनी चिरलेली सपाट भातशेती, दक्षिणेला थोडी उंच, तांबडी जमीन. याच बाजूने ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै ही गावे घेत साठ-पासष्ट किलोमीटरवर पाल्कच्या सामुद्रधुनीचा किनारा गाठता येतो.

व्यंकोजी भोसले १६७५च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. १७९९ नंतर मात्र कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि सरफोजी दुसरे यांच्या हाती जेमतेम किल्ला राहिला. नवल असे, की वाटेत भेटणाऱ्या मराठी खुणा बहुतेक याच सत्ताहीन राजाच्या. बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतींवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयही त्यांनीच वाढवले. तिथे संस्कृत पोथ्यांच्या जोडीला मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची दप्तरे आहेत.

मराठी इथे दरबाराची, मठांची आणि घराची भाषा होती. शेताच्या बांधावर ती फारशी उतरली नाही. म्हणून राज्य बुडाल्यावर ती घरातच उरली. तंजावर, कुंभकोणम आणि पुढे चेन्नईला गेलेल्या देशस्थ घरांत, ज्यांना तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात, ती अजून ऐकू येते. तिच्यात तमिळ शब्द मुरले आहेत आणि शाळा तमिळ किंवा इंग्रजी असल्याने ती वाचता येणारे थोडे. घराबाहेर तिचा ठसा उमटला तो कीर्तनात. मराठी कीर्तनकारांकडून तंजावर कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी उचलली आणि तमिळ हरिकथेला आजचे रूप आले.

ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रम् आहे. सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना इथे जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शिक्षण. छत्रांची व्यवस्था राजाकडेच राहिली होती, आणि राज्य करण्याची हौस त्यांनी तिथे भागवली असावी.

पुढचा मुलूख पूर्वी कोरडवाहू होता. कावेरीवरचे मेट्टूर धरण १९३४ मध्ये पुरे झाले आणि कल्लणै बंधाऱ्यापासून काढलेल्या कालव्याने पाणी इथवर पोहोचले. पट्टुक्कोट्टैच्या पुढे भात मागे पडतो आणि नारळाच्या बागा लागतात. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गजा’ चक्रीवादळाने त्या आडव्या केल्या. नारळ धरायला वर्षे लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचे नव्हते.

मल्लिपट्टिणम् या मच्छीमारांच्या बंदराजवळ आठ मजली मनोरा उभा आहे. नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ सरफोजींनी तो बांधला आणि शिलालेखावर साल घातले १८१४. म्हणजे तो वाटर्लूसाठी नव्हे; ती लढाई त्यानंतर, १८१५ मध्ये झाली. ज्या इंग्रजांनी राज्य घेतले, त्यांच्याच विजयाचे हे स्मारक; मांडलिकाला मैत्री अशीच दाखवावी लागे.