तळे न उपसता

१९९९ साली आम्ही दोघे कोयनानगरच्या या वसतिगृहात राहून आठवीत शिकत होतो. त्या वर्षी १३ मार्चला कोयनेच्या शिवसागर जलाशयाला तळातून छेद देण्यात आला. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावले होते : चौथ्या टप्प्याच्या वीजगृहाला पाणी हवे, पण त्यासाठी जलाशय रिकामा करणे परवडणारे नाही. म्हणून भूगर्भातून बोगदा तळापर्यंत न्यायचा, शेवटचा खडक तेवढा राखायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा. तळे न उपसता तळ गाठता येतो, हे त्या दिवशी मनावर कोरले गेले.

पुढे आम्ही दोघेही पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहू लागलो. एका कार्यालयासाठी आम्ही लिहिलेला, शिष्यवृत्तीचे अर्ज स्वीकारणारा प्रोग्राम अंतिम मुदतीच्या रात्रीच अडकला. तो बंद पडला नव्हता. चालू असूनही पुढे सरकत नव्हता. "बंद करून पुन्हा सुरू करा," असा सर्वांचा आग्रह होता. परंतु शेकडो मुलांना पोच मिळालेले अर्ज अजून संगणकाच्या स्मृतीतच, नोंदीच्या रांगेत उभे होते. प्रोग्राम बंद करताच ते नाहीसे झाले असते. ती मुले आपल्यासारखीच, कुठल्या तरी वसतिगृहातली असणार.

आम्ही चालत्या प्रोग्रामला डीबगर जोडायचे ठरवले. लिनक्समध्ये प्रत्येक चालत्या प्रोग्रामला एक क्रमांक असतो. तो 'जीडीबी'ला दिला की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो, पण त्याची स्मृती शाबूत राहते. दुसऱ्याच्या स्मृतीत असे डोकावण्याचा अधिकार सरसकट कोणालाही नसतो. म्हणून आधी तेथील प्रशासकांची रीतसर परवानगी घेतली.

आत पाहिले, तेव्हा दोन थ्रेड एकमेकांसाठी खोळंबले होते. एकाने कोठीची किल्ली धरून वहीची वाट पाहावी आणि दुसऱ्याने वही धरून किल्लीची, तसे. कुलुपे घेण्याचा क्रम दोन ठिकाणी उलटा लिहिला गेला होता. लिहिणारे आम्हीच होतो.

संपूर्ण स्मृतीची प्रत फाइलमध्ये उतरवून घेतली आणि मगच प्रोग्राम नव्याने सुरू केला. त्या प्रतीतून एकेक अर्ज वेचून नोंदवेपर्यंत उजाडले.

एक कबुली येथे द्यायला हवी. प्रोग्राम बंद करण्याचा मोह आम्हालाही झाला होता. तसे केले असते, तर अर्जांबरोबर आमच्या चुकीचा पुरावाही पुसला गेला असता आणि दोष यंत्राच्या माथी गेला असता. सकाळी आम्ही कार्यालयाला चूक लेखी कळवली.

आजही कोयनानगरला आलो, की जलाशयाच्या काठी थोडा वेळ थांबतो. वरून पाणी संथ दिसते. सरांची ती आकृती मात्र पाण्याखाली अजून स्पष्ट दिसते.