मेण कीं सीलंट?

पन्नाशी उलटली कीं मनुष्याला एखादें खूळ लागतें असें म्हणतात. कोणी गुलाबाचीं कलमें बांधतो, कोणी ज्योतिष शिकूं लागतो. आमचें खूळ मोटारीच्या रंगाचें. आमची मोटार काळी आहे. आणि काळी मोटार पुण्याच्या धुळींत बाळगणें म्हणजे पांढरें धोतर नेसून रंगपंचमीला निघणें होय, हें विकत घेतेवेळीं आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं.

सात वर्षें आम्ही मेणाचे एकनिष्ठ उपासक होतों. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं डबी घेऊन आम्ही खालीं उतरत असूं. हें मेण मधमाश्यांचें नव्हे. ब्राझीलच्या ईशान्य भागांत कार्नौबा नांवाचा एक ताड होतो. उन्हाळ्यांत पाणी उडून जाऊं नये म्हणून त्याच्या पानांवर निसर्गानेंच मेणाचा लेप दिलेला असतो. पानें वाळवून, झोडपून तो काढतात. तें मेण इतकें कठीण कीं ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावांचून वितळत नाहीं. म्हणून तेलें, द्रावकें आणि दुसरीं मऊ मेणें मिसळून तें डबींत भरतात. त्याची झळाळी ओली आणि खोल असते. पण ती फार तर थोडे आठवडे टिकते.

सीलंट हा कारखान्यांत जन्मलेला गृहस्थ. पॉलिमरचा हा पातळ पापुद्रा चांगला बसला, तर कित्येक महिने ऊन-पाऊस सोसतो. त्याचें तेज मात्र कांचेसारखें, किंचित् कोरडें. शिवाय त्याची एक अट असते : खालचा रंग अगदीं स्वच्छ पाहिजे, मेणाचा अंशहि शिल्लक राहिला तर तो नीट धरत नाहीं.

२०२४ सालच्या मे महिन्यांत पावसाळा तोंडावर आलेला पाहून आम्हीं पक्ष बदलला. जुनें मेण निघावें म्हणून तीव्र साबणानें मोटार धुतली, आणि उन्हांत आणून पाहिली. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारों बारीक, वर्तुळाकार चरे उमटलेले होते !

आमच्या इमारतींतल्या मोटारी पहाटे पुसणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. आम्हीं त्यांना बोलावलें, चारचौघांसमक्ष नको तें बोललों, आणि उद्यांपासून येऊं नका म्हणून सांगितलें. ते एवढेंच म्हणाले, "साहेब, मी कांचा आणि चाकं पुसतो. रंगाला हात लावूं नका, असं तुम्हीच सांगितलं होतं." तें खरें होतें. पण रागाला स्मरणशक्ति नसते.

आठ दिवसांनीं आमचे एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक-मित्र आले. त्यांनीं वांकून, डोळे बारीक करून मोटार पाहिली व म्हणाले, "रंगावर पारदर्शक थर असतो, तो ४०-५० मायक्रॉन; म्हणजे केसाहूनहि पातळ. त्यावर हे चरे आहेत. मेणांतलीं तेलें त्यांत भरून बसत, म्हणून तुम्हांला ते दिसत नसत. मेणानें चरे जात नाहींत, झांकले जातात." मग त्यांनीं विचारलें, "मेण लावण्यापूर्वीं मोटार धूत होतां ना ?"

आम्ही धूत नव्हतों. कोरड्या फडक्यानें धूळ झटकीत होतों, आणि उरलेल्या धुळीसकट मेण घोळून घोळून घांसत होतों.

मित्रानें टपाकडे बोट केलें. कडेचा भाग चऱ्यांनीं भरलेला. मधला पट्टा मात्र आरशासारखा. "तुमचा हात जेथवर पोंचतो," ते म्हणाले, "तेथवरच चरे आहेत."

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही शेजारच्या इमारतींत मामांना शोधीत गेलों. अठ्ठावीस वर्षें विद्यार्थ्यांचीं वाक्यें दुरुस्त करणाऱ्या आम्हांला 'आमची चूक झाली' हें तीन शब्दांचें वाक्य जुळवतांना घाम फुटला. त्यांनीं आठ दिवसांची मजुरी घेतली आणि म्हणाले, "येतो. पण गाडी आधी भरपूर भिजवायची, मग फडकं. घाई चालणार नाहीं." आम्ही मुकाट्यानें मान डोलावली. बोललों होतों तें चारचौघांत. क्षमा मागितली ती एकांतांत. तेवढी बाकी आमच्याकडे अजून आहे.

आतां निर्णयाविषयीं. ज्याची मोटार उघड्यावर उभी असते आणि ज्याला सवड कमी, त्यानें सीलंट लावावें. ज्याच्याजवळ सावली, रविवार आणि झळाळीची हौस आहे, त्यानें मेण. दोन्ही हवीं असतील तर आधीं सीलंट, तें वाळल्यावर मेण. उलट क्रम व्यर्थ. उन्हांत तापलेल्या पत्र्यावर कांहींच लावूं नये. कावळ्याची विष्ठा दिसतांच भिजवून काढावी. तिच्यापुढें दोघांचाहि फार काळ टिकाव लागत नाहीं. आम्ही स्वतः पावसाळ्यापूर्वीं सीलंट लावतों आणि दिवाळीला वरून मेणाचा एक हात देतों.

परंतु त्या आधीं वर्षांतून एकदां मोटार स्वच्छ धुवून, कांहींहि न लावतां, भर उन्हांत उभी करतों. तिचें खरें रूप पाहवत नाहीं, तरी पाहतों. त्या वेळीं मामा जवळ उभे असतात. ते कांहीं बोलत नाहींत.