वापरलेले हिवाळे

मॉन्ट्रिऑलमध्ये नोव्हेंबर लागला की ओळखीचं माणूस भेटल्यावर आधी विचारतं, "टायर बदलले का?" क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीच्या चारही चाकांना हिवाळी टायर लागतातच. कायदा २००८ सालच्या हिवाळ्यापासूनचा. तेव्हा मुदत १५ डिसेंबरला सुरू व्हायची, २०१९ पासून ती अलीकडे आणली. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह पाहायचं. नियम मोडला तर किमान २०० डॉलर दंड. तेव्हा घ्यायचे की नाही, हा प्रश्न इथे नाहीच. नवे घ्यायचे की कुणीतरी वापरलेले, एवढंच ठरवायचं असतं, आणि यंदा आमच्या घरात ते बरेच दिवस ठरत नव्हतं.

जुनं घेण्यात कमीपणा मानायचा नाही, हे आम्ही लहानपणीच शिकलो. अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं, थोरल्याचा गणवेश धाकट्याला. इथलं आमचं जेवणाचं टेबल, मुलीची सायकल आणि खुद्द गाडी, सगळं कुणाचं ना कुणाचं आधी होतं. ही काटकसर मला आजही मनापासून आवडते. म्हणूनच वापरलेल्या टायरांच्या जाहिराती आधी पाहिल्या. गाडी विकली, नव्या गाडीला माप बसत नाही, म्हणून लोक टायर काढतात. कारण पटण्यासारखं असतं आणि किंमत नव्याच्या निम्मी.

पण टायर वापरला जातो तेव्हा त्यातलं नेमकं काय संपतं, हे समजून घ्यायला हवं. साध्या टायरचं रबर तापमान सात अंशांखाली गेलं की ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर उणे वीसमध्येही मऊ राहावं असं केलेलं असतं. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो आणि तो दाबलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटून पकड देतो. झीज झाली की खाचा उथळ होतात, आणि पुष्कळदा त्या बारीक चिरा तळापर्यंत गेलेल्याच नसतात. शिवाय वय. न वापरता तळघरात पडून राहिलेला टायरही वर्षागणिक कडक होत जातो.

वय लपवता येत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. कडेवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायचे: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटूनही पाहावा लागतो. विकणारा "दोनच हिवाळे वापरलेत" म्हणतो, ते खरंही असेल, पण मधल्या उन्हाळ्यांत ते गाडीवरच होते का, हे विचारायला हवं. तापलेल्या डांबरावर मऊ रबर भराभर झिजतं. आतल्या बाजूचं ठिगळ किंवा मॉन्ट्रिऑलच्या खड्ड्यांत बसलेला मार मात्र टायर रिमवर असताना दिसतच नाही.

मग मी हिशेब मांडला. नव्या हिवाळी टायरची खाच साधारण ९ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ असली तरी हिवाळ्याच्या सुरुवातीला ४.८ तरी असावी, असा इथे सल्ला देतात. म्हणजे नव्यात उपयोगाचे ४.२ मिलिमीटर. आम्ही पाहिलेले टायर साडेसहाचे होते, म्हणजे उरले १.७. निम्म्या पैशांत चाळीस टक्के टायर! स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू मिलिमीटरच्या भावाने महागच पडत होती.

तरी हिशेब दुसऱ्या बाजूने झुकला असता तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या पुस्तकाचं पान फाटकं निघालं तर नुकसान माझं. टायर घसरला तर? कोत-दे-नेजच्या उतारावर, बर्फ दाबून आरसा झालेल्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यानंतर गाडी आणखी काही हात पुढे जाते. त्या तेवढ्या अंतरात बसची वाट पाहणारी म्हातारी असते, बर्फाच्या कपड्यांत गुरफटलेलं, नीट वळूही न शकणारं शाळकरी पोर असतं. पैसे माझे वाचतात आणि जोखीम त्यांच्या वाट्याला जाते, त्यांना न विचारता. अशा बचतीला काटकसर म्हणायला माझं मन तयार होत नाही. आम्ही नवे टायर घेतले, चार सारखे. पुढे दोनच चांगले घालून भागवणाऱ्यांची गाडी वळणावर मागून फिरते, तोही मोह नको.

याचा अर्थ वापरलेले टायर कुणीच घेऊ नयेत असा नाही. आमच्या इमारतीत सोलापूरची एक मुलगी राहते. एप्रिलमध्ये शिक्षण संपवून ती गाडी विकणार आहे. तिला पाच हिवाळ्यांचे टायर कशाला? तिने विचारलं, "काका, जुने चालतील ना?" मी म्हटलं, "चालतील, पण नीट पाहून घेऊ." तीन वर्षांचे, सात मिलिमीटरचे चार सापडले. गॅरेजवाल्याने ते रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढी अट आम्ही घातली, आणि विकणाऱ्याने ती आनंदाने मानली.