ओसरीचा झोळ

फरीदाबादचा सूरजकुंड मेळा 1987 साली सुरू झाला. तो बहुधा फेब्रुवारीत भरतो आणि त्या दिवसांत पश्चिमेकडून येणारा पाऊस तिथे परका नाही. कोल्हापूरच्या एका वृद्ध कारागिराने हौसेने गाळ्यापुढे ताडपत्रीची ओसरी काढली होती. पहाटे पाहतो तो ती गाभण म्हशीच्या पोटासारखी लोंबलेली, आणि शिवणीतून धार थेट चपलांच्या थप्पीवर. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेले कातडे भिजले की डागाळते, वाकते. सहा महिन्यांची मजुरी त्या थप्पीत होती.

मुलगा काठीने झोळ वर ढकलू लागला. "थांब, फाटेल ती!" चौरस मीटरभर झोळात 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे 50 किलो ओझे. म्हाताऱ्याने पुढच्या कोपऱ्याचा दोर हळूहळू सैल करून पाणी बाहेर वळवले. दोष कापडाचा नव्हता. जागा वाढवताना त्यानेच उतार ठेवला नव्हता. मग पुढची कड हातभर खाली बांधली, आधाराला खालून आडवेउभे बांबू घातले, फाटक्या शिवणीवर दुसरी ताडपत्री चढवली.

बारा जोड भिजले होते. ते त्याने उन्हात न मांडता सावलीत पसरले आणि गिऱ्हाईक आले, की आधी त्यांवरचे डाग दाखवून मगच भाव सांगू लागला.