तुतीच्या गल्लीतून मानछोनला

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात ग्येसान कॅथेड्रलचे दोन मनोरे मागे टाकून मी तुतीच्या गल्लीत शिरलो. इथल्या भिंतीवर एक लोककथा चितारली आहे. तुतीची पानं तोडायला झाडावर चढलेला प्रौढ माणूस पलीकडच्या अंगणात डोकावतोय. शेजारच्या विधवेवर त्याचा जीव जडला आणि मुलानेच पुढाकार घेऊन वडिलांचं लग्न जमवलं, असं देगूकर हौसेने सांगतात.

हा माणूस दु सा-छुंग, मूळचा चीनचा. 1592 मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली, तेव्हा मिंग सम्राटाने मदतीला फौज धाडली. सेनापती ली रुसुंगसोबत दु आला. डोंगर आणि पाण्याचा कल पाहून छावणीची जागा ठरवणं हे त्याचं काम. 1597 मध्ये जपानी पुन्हा चालून आले आणि दुही पुन्हा आला. मिंग आरमाराचा प्रमुख चेन लिन त्याचा मेहुणा. कोरियाचा थोर दर्यासारंग यी सुन-शिन याच्याशीही दुचा स्नेह जुळला. 1598 मध्ये युद्ध संपलं, फौज माघारी गेली. दु मात्र राहिला.

देगूत त्याला जमीन मिळाली होती. 1601 मध्ये प्रांताचं मुख्यालय देगूत आलं आणि नेमकी तीच जागा हवी झाली. दुने ती देऊन टाकली आणि ग्येसानला बिऱ्हाड हलवून तुतीची लागवड केली. पुढे तो दक्षिणेकडे राहायला गेला. तिथे वेदी बांधून तो मिंग सम्राटाला वंदन करी. तो भाग आजही मिंगच्या नावाने, देम्यंग म्हणून ओळखला जातो.

मग मी मेट्रोने देगूतलंच मानछोन गाठलं. डोंगराच्या पायथ्याशी मोम्यंगजे, म्हणजे ‘मिंगची ओढ जपणारं घर’, हे दु घराण्याचं स्मृतिगृह आहे. लाकडी खांबांवरच्या चिनी अक्षरांच्या ओळी यी सुन-शिनने दुला भेट दिलेल्या कवितेतल्या. दुच्या स्मृतिशिलेवरचा मजकूर यी सुन-शिनच्या सातव्या पिढीतल्या वंशजाने, यी इन-सूने रचला. दोघांची मैत्री घराण्यांनी अशी पुढे चालवली. आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखी कोरियात ‘जोकबो’ असते. तिच्या आधारे दु मंडळी आपलं मूळ थांग काळातला महाकवी दु फू याच्यापर्यंत नेतात.

मला सगळ्यात भिडलं ते वास्तूचं साल, 1912. मिंग राजवट 1644 मध्येच बुडाली होती आणि 1910 मध्ये जपानने कोरिया गिळला होता. अशा दिवसांत जपानशी लढायला आलेल्या पूर्वजाचं स्मारक उभारायला मोठं धैर्य लागलं असणार.

याच देगूच्या हद्दीत, उरोक गावात, आणखी एक घराणं नांदतं. त्याचा मूळपुरुष किम छुंग-सन हा त्याच युद्धात कोरियाच्या बाजूला येऊन मिळालेला जपानी अधिकारी. देगूला गेलात तर ही दोन्ही ठिकाणं जरूर पाहा. दोन परके इथे रुजले आणि त्यांचे वंशज आज पूर्णपणे कोरियन आहेत.